यमुनेच्या खानावळीचं पुढे काय झालं

मंगळवार. जेवणं आटोपली आहेत, चारला आमचं वाचन मंडळ माझ्याकडे जमणार आहे आणि मी कादंबरी मांडीवर घेऊन आरामखुर्चीत डोळे जरासेच मिटते आहे. झोपायचं नाही असं ठरवलेल्या माणसाला झोप जशी हमखास येते, तशी ती येते.

"झोपली का काय वं हेमा?"

समोरच्या दिवाणावर निर्मलाकाकू खडतकर मेथी निवडत बसल्या आहेत. मंडळात वयानं सगळ्यांत मोठ्या आणि हसायच्याही सगळ्यांत मोठ्यानं. मागच्या दिवाळीच्या तोंडावर त्या गेल्या. मला ते पक्कं ठाऊक आहे, पण घरी आलेल्या माणसाला असं तोंडावर कसं म्हणायचं?

"चहा ठेवू, काकू?"

"चहा भेटते तिकडे. तू यमुनेचं सांग. खानावळ देली का तिनं दिराले?"

मी मांडीवरच्या कादंबरीकडे बघते. आमच्या मंडळात कादंबरी एकीनं मोठ्यानं वाचायची, बाकीच्यांनी भाजी निवडत ऐकायची, आणि मधल्या आठवड्यात कुणी पुढचं पान उघडायचं नाही अशी रीत आहे. चोरून वाचलं तर दंड म्हणून सगळ्यांना बटाटेवडे. काकूंच्या हातचे वडे आम्ही फार वेळा खाल्ले आहेत. आणि नेमकी यमुनेची गोष्ट रंगात आली असताना काकू गेल्या. सतरावं प्रकरण संपवून मी पुस्तक मिटलं ते मिटलंच. मंडळानं दुसऱ्या कादंबऱ्या घेतल्या. आज सगळ्या म्हणणार आहेत, ही आता पुरी करू या, आणि मी नाही म्हणणार आहे.

"पुढचं वाचलंच नाही आम्ही."

"काऊन?"

दिवाणाचं आता एसटी स्टँडवरचं बाकडं झालंय. फलाटावर गाडी उभी आहे आणि तिच्या पाटीवर गावाऐवजी लिहिलंय, 'प्रकरण अठरावे'. काकूंची मेथी निवडणं सुरूच आहे.

"ही कादंबरी संपली की तुम्ही खरोखरच संपलात असं होईल," मी म्हणते. "मला ते नकोय. फार आठवण येते हो काकू तुमची."

"बाप्पा! मेली मी, अन् शिक्षा त्या यमुनेले? वर्ष झालं, बिचारी चुलीपाशी उभी ठेवली तुम्ही."

"तिकडे ग्रंथालय नाही का?"

"आहे ना. पण सारी आत्मचरित्रं! ज्यानं त्यानं आपलंच लिहून ठेवलं. वाच आता. खड्या आवाजात वाच, मी मागं बसते."

स्टँडवर शाळेचे बाक आले आहेत. काकू शेवटच्या बाकावर जाऊन बसतात. मी वाचते. ओठ हलतायत, पानं उलटतायत, पण माझा आवाज मलाच ऐकू येत नाही. काकूंना मात्र येतोय. त्या पुढे वाकतात, डोळ्यांना पदर लावतात, मग एकदम बाक बडवून हसतात.

"काय झालं? काय केलं यमुनेनं?"

"थांबू नको वं! वाच!"

शाळेची घंटा होते. पुन्हा होते. ती दाराची बेल आहे.

मी जागी होते. घसा पार बसलाय. मांडीवरची कादंबरी खुणेपासून एक अख्खं प्रकरण पुढे उघडलेली आहे. दार उघडते तर मंडळातल्या पद्माताई आणि कुंदा उभ्या आहेत, कुंदाचे डोळे रडून लाल.

"आमची वाट तरी पाहायची!" पद्माताई म्हणतात. "केव्हाच्या पायरीवर उभ्या आहोत. बेल दाबायला हात उचलेना, इतकं छान वाचत होतीस."

"यमुना अशी वागेल असं वाटलं होतं का गं?" कुंदा नाक पुसते.

"कशी?"

"कशी काय? तूच तर वाचलंस!"

मी पुस्तक पद्माताईंच्या हातात देते. "आज तुम्ही वाचा. शेवटपर्यंत. पण आधी तेच प्रकरण."

"अगं, ते तर झालं!"

"तुमचं झालं, काकूंचं झालं," मी बसक्या आवाजात म्हणते. "माझं एकटीचं राहिलंय."