देवांच्या बढतीची काळजी वाहणारे गृहस्थ

देवांच्या नोकरीची इतकी काळजी वाहणारा माणूस अख्ख्या कतारमध्ये दुसरा नसेल. अल खोरहून प्लँटवर जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये हे गृहस्थ नऊ वर्षं माझ्या शेजारी बसले. मूळचे नाशिकचे, स्टोअरमध्ये क्लार्क आणि अठरा वर्षं एकाच ग्रेडवर. निवृत्त होण्याआधी ‘सुपरवायझर’ असं लिहिलेलं पत्र एकदा हातात पडावं, एवढीच त्यांची इच्छा. नेमकं अशा माणसाला एका व्हिएतनामी वेल्डरने सांगितलं, की त्यांच्याकडे गावोगावच्या रक्षक देवांना राजा लेखी पदवी द्यायचा. देव राजाच्या स्वप्नात जाऊन लढाईत मदतीला उभा राहिला, की राजा शिक्क्याचं पत्र पाठवी, आणि पुढचा एखादा राजा त्याला आणखी वर चढवी. झालं, आमच्या बसची शांतता संपली. “अहो, देवांनासुद्धा तीन ग्रेड,” ते रोज सांगत, “आणि खालच्याला वर जाता येतं.” बारा तासांची ड्युटी करून परतताना हे ऐकून घ्यायला फार सोशिकपणा लागतो.

अल दुहैलला एकांकडे गणपतीला गेलो, तर यांनी यजमानांना गंभीरपणे विचारलं, “तुमचा कायम आहे, की दीड दिवसाच्या कंत्राटावर?” वहिनींनी दुसरा मोदक वाढला नाही. त्या वेल्डरच्या गावचा देव तर हयातीत चोर होता. अशुभ घटकेला मेला म्हणून लोक घाबरून त्याला पुजू लागले, पण पत्र त्याला कुठल्याच राजाने दिलं नाही. हे कळल्यावर यांचा जीव कासावीस झाला. त्यांनी देवाच्या वतीने बढतीचा रीतसर अर्ज टाइप केला, सोबत दोन प्रती. वेल्डर भला माणूस. सुट्टीवर गेला तेव्हा त्याने तो देवापुढे जाळून पोचता केला. तिकडे तशीच रीत आहे म्हणे.

यंदा यांचं स्वतःचं पत्र आलं. कंत्राट संपल्याचं, ग्रेड तीच. “खलास,” म्हणाले, आणि पत्राची घडी घालून खिशात ठेवली. शेवटच्या दिवशी परतताना, अल खोर जवळ आल्यावर हलकेच म्हणाले, “त्या चोराला पत्र नाही मिळालं, तरी गाव अजून उदबत्ती लावतं. माझी इथे कोणाला आठवण राहील हो?”

मी दमलो होतो. डोळे मिटूनच नुसतं ‘हं’ म्हटलं. नऊ वर्षांत त्यांनी मला विचारलेला तो एकच प्रश्न. मला राहील, एवढं म्हणायला काय लागत होतं?