मनगटावरची पंचमी

माझ्याकडे स्विस घड्याळ आहे ही बातमी रोह्याच्या आमच्या कंपनीत आठवड्याभरात सगळ्यांना कळली, कारण ती मीच कळवली. कोणी वेळ विचारो न विचारो, मी बाही वर सारायचो आणि "सव्वादहा" म्हणायचो. कँटीनमध्ये तर डावखुरा नसूनही मी चहाचा कप डाव्या हातात धरायला लागलो होतो.

धाकटे काका मालवाहू जहाजावर होते. माझ्या लग्नात त्यांनी ते घड्याळ आहेर म्हणून दिलं. अंगानं बारीक, सायीच्या रंगाची तबकडी, सोनेरी कड, तपकिरी चामड्याचा पट्टा. त्याच्याबरोबर कोट हवा असं वाटायचं, पण कोट माझ्याकडे नव्हता, टेरिकॉटचे तीन शर्ट होते. बरं, नुसतं नटवं नव्हतं ते. तारीख दाखवायचं, काटे अंधारात चमकायचे, चावी द्यावी लागायची नाही, हात हलला की आपोआप भरायचं. आणि पाण्याला घाबरत नाही असं काका छातीठोकपणे सांगायचे.

खालच्या बाजूला एक अर्धगोल खिडकी होती. तिच्यात गडद निळं आकाश आणि सोन्याचा चंद्र. तो रोज थोडा सरकायचा. खिडकीच्या वर मुंगीएवढे आकडे होते, एकापासून साडेएकोणतीसपर्यंत. शिफ्टमधले मित्र विचारायचे, "चंद्र कशाला रे घड्याळात? आकाशातला पुरत नाय काय?" तो प्रश्न मला फार झोंबायचा.

लग्नाला सहा महिने झाले होते. बायको पेणकडची, खाडीपलीकडच्या गावातली. कासू स्टेशनवर उतरायचं, बांधावरून तासभर चालायचं आणि होडीनं पलीकडे जायचं. होडी भरतीलाच चालायची, ओहोटीला खाडीत नुसता चिखल. तिच्या घरचे सगळे पिढ्यान्‌पिढ्या मिठागरात. लग्नानंतर ती पहिल्यांदाच आठ दिवसांसाठी माहेरी गेली होती, आणि ते आठ दिवस मी कसे काढले ते मला विचारू नका. खानावळीत जेवत होतो, खोलीत आल्यावर भिंतींशी बोलत होतो. रविवारी तिला घेऊन यायचं, सोमवारी पहिल्या पाळीला हजर व्हायचं, असं ठरवून मी शनिवारी दुपारी सासरी पोचलो. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट आणि घड्याळ.

रविवारी सकाळी सासरे मला मिठागर दाखवायला घेऊन गेले. थंडीचे दिवस, नव्या हंगामासाठी वाफे भरायचं काम चाललं होतं. सासरे मोजकं बोलणारे. तासाभरात चार वाक्यं बोलले असतील. काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं, "मामा, भरती कधी येणार ते तुम्हाला कळतं कसं?"

"तिथीवरून," ते म्हणाले. "तिथीला तीननं गुनायचं, चारानं भागायचं. येईल त्या वाजता भरती पुरी. आठमीला सा वाजता. बाराशीला नऊ."

मी हिशोब करून पाहिला. आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा! बारा त्रिक छत्तीस, भागिले चार, नऊ! मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. आणि त्याच क्षणी माझी नजर मनगटावर गेली. ते मुंगीएवढे आकडे! एक, दोन, तीन, म्हणजे चंद्राचं वय, म्हणजे तिथी! सहा महिने जे कोडं कोणाला सुटलं नव्हतं ते मला बांधावर उभ्या उभ्या सुटलं. स्वित्झर्लंडमध्ये कोणा कारागिरानं पेणच्या मिठागरासाठीच हा चंद्र बसवला होता, याबद्दल माझी खात्री झाली.

"मामा, हे बघा!" मी अक्षरशः ओरडलो. "चंद्र पाचावर आहे. पाच त्रिक पंधरा, भागिले चार, पावणेचार! आज पावणेचारला भरती!"

वाफ्यांवरची माणसं काम टाकून भोवती जमली. सासऱ्यांनी घड्याळ निरखून पाहिलं, मग एकदा खाडीकडे पाहिलं. "भारीच हाय," ते म्हणाले. थोड्या वेळानं हळूच म्हणाले, "पन जेवून लगेच निघालात तर वाटंत अंधार नाय व्हनार."

"छे हो मामा! आता घड्याळच सांगतंय. साडेतीनला होडीत बसू, सव्वापाचपर्यंत कासू, संध्याकाळच्या गाडीनं रोहा." मी सगळ्यांसमोर वेळापत्रक जाहीर केलं. माणसं एकमेकांकडे बघत वाफ्यांवर परतली. जावयाच्या तोंडून शब्द निघाला की तो खाली पडू द्यायचा नाही, हा त्या गावचा कायदा. मला तो माहीत नव्हता. मला वाटलं, सगळे थक्क झालेत.

साडेतीनला धक्क्यावर गेलो. होडी बायकोचा चुलतभाऊ चालवायचा. त्यानं एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"भावोजी, नक्की?"

"अरे, स्विस आहे!"

त्यानं सासऱ्यांकडे पाहिलं. सासरे म्हणाले, "जावयबापू म्हणतात तसं कर." बायको गाठोडं मांडीवर घेऊन पाण्याकडे बघत बसली होती. तिला आईला सोडून जायचं वाईट वाटत असेल, असं मी समजलो आणि तिला बरं वाटावं म्हणून चंद्राचं गणित पुन्हा एकदा समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

निम्म्या वाटेत होडी बसली. बसली म्हणजे कशी, तर म्हैस बसावी तशी. भरती कधीच उलटून गेली होती. डोळ्यांदेखत पाणी दोन्ही काठांवरून सरकत गेलं आणि पाव तासात आम्ही चिखलाच्या मधोमध उभे. चुलतभाऊ तोंड फिरवून खांदे हलवत होता. तो रडत नव्हता.

मग मी बूट गळ्यात अडकवले, पँट गुडघ्यांवर दुमडली, घड्याळाचा हात आकाशाकडे धरला आणि उतरलो. दुसऱ्या पावलाला मांडीपर्यंत. पाण्याला न घाबरणाऱ्या घड्याळाचं चिखलाबद्दल काय म्हणणं आहे ते काकांनी सांगितलं नव्हतं. बायको गाठोडं डोक्यावर घेऊन अंगणातून चालावं तशी गावाच्या काठाकडे परत निघाली आणि पाय कुठे टाकायचा ते मागे वळून सांगत राहिली. चिडायला हवं होतं, पण खरं सांगतो, मला हसू फुटलं. मी पडलो, उठलो, पुन्हा पडलो, आणि काठावरची माणसं हसली तेव्हा त्यांच्यापेक्षा मोठ्यानं मीच हसलो.

आणि त्या चिखलातच मला आठवलं. मध्यंतरी घड्याळ पेटीत पडून बंद पडलं होतं. पुन्हा चालू केलं तेव्हा वेळ मी कंपनीच्या भोंग्यावर लावली, तारीख कॅलेंडर बघून. आणि चंद्र? बाजूच्या बारीक भोकात टाचणी टोचत टोचत मी तो अशा जागी आणून ठेवला जिथे कोर झकास दिसत होती.

घरी पोचलो तर अंगणात हंडाभर पाणी तापून तयार. एवढं पाणी तापायला पाऊण तास तरी लागतो, हे माझ्या चिखलानं भरलेल्या डोक्यात तेव्हा आलं नाही.

आंघोळ करून ओट्यावर बसलो. गाडी गेली होती, दुसरी भरती मध्यरात्रीनंतर दोनची, म्हणजे पहिली पाळीही गेली. सूर्य बुडाला होता. बायको अंगणात आली, पश्चिमेला पाहिलं आणि पदराच्या काठातून एक सूत ओढून चंद्राकडे टाकलं. खाडीवर कापलेल्या नखाएवढी कोर होती. मनगटावरचा चंद्र तिच्यापेक्षा चांगलाच फुगलेला होता.

"हे काय?" मी विचारलं.

"आज बीज नाय का? बीजेच्या चांदाला सूत वाहतात."

बीज. दोन त्रिक सहा, भागिले चार. दीड वाजता भरती पुरी झाली होती, आम्ही सावकाश जेवत होतो तेव्हा.

"म्हणजे तुला सकाळपासून माहीत होतं?"

"व्हय."

"आणि मामांना?"

"सगल्यांनाच." ती पदराच्या काठाशी चाळा करत राहिली. "एवढ्या मान्सांत तुमाला खोटं कोन पाडील?"

"माझ्या कानात तरी सांगायचंस! होडीत सांगायचंस!"

तिनं आधी घराच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "मला आज जायाचं नव्हतं. आनखी दोन दिस ऱ्हावं वाटत व्हतं. पन तुमी न्यायला आलात, मग कसं बोलू?"

माझी सगळी मस्ती उतरली. आठ दिवस मी फक्त माझे मोजले होते. आल्यापासून मी तिला गाठोडं बांधलं का विचारलं होतं, गाडीची वेळ सांगितली होती, गणित दोनदा शिकवलं होतं. कधी निघायचं हे मात्र विचारलं नव्हतं. मला फार लाज वाटली.

"खाडा पडायचा तो पडलाच आहे," मी म्हणालो. "बुधवारी निघू. भरती कधी ते तू सांग."

तिनं माझ्याकडे पाहिलं, थट्टा नाही ना याची खात्री केली आणि धावत आत गेली. "आई गो, बुधवारी! बुधवारी जानार आमी!" असं ती स्वयंपाकघरात ओरडली, मग सासूबाईंचं काहीतरी बोलणं आणि मग तिचं हसणं ऐकू आलं, मोठं, मोकळं, थांबता थांबेना असं. लग्नाला सहा महिने झाले होते आणि तिचं ते हसणं मी रोह्यात एकदाही ऐकलं नव्हतं.