जिती असल्याचा दाखला

बाबा सरकारी कॉलेजात शिकवायचे. नोकरीत असतानाच गेले, तेव्हापासून आईला त्यांची पेन्शन मिळते. पहिली काही वर्षं ती वाढीव दराने असते, मग कमी होते, हे आम्हा मायलेकींना ठाऊक नव्हतं. बँकेनेही कमी केली नाही. मी अमरावतीला असते. दर उन्हाळ्याअखेर अकोल्याला जाऊन आईचा आयकर भरायची. शेजारणीला ती ऐटीत सांगे, "मी सरकारले टॅक्स देतो."

मग एक दिवस बँकेने बोलावलं. साहेब अदबीने बोलले. इतकी वर्षं चुकून जास्त दिलेली रक्कम बँक आता दर महिन्याला पेन्शनमधून कापणार होती. तसं हमीपत्र आईने सुरुवातीलाच दिलेलं होतं. त्यांनी सही दाखवली.

"माहीच आहे," आई म्हणाली.

भरलेल्या कराचं काय, हे विचारायला मी अमरावतीत सीएकडे गेले. "ज्या वर्षी पैसा हाती आला, त्या वर्षी कर लागला," तो म्हणाला. "जुनी विवरणपत्रं सुधारायची मुदत गेली. अर्ज करून पाहू, पण भरवसा नाही. आणि आता कापतील त्यावरही कर लागेल. ती तुमची हक्काची पेन्शन, त्यातून तुम्ही परतफेड करताय."

आईला हे सांगितलं.

"म्हंजे पैसा त्यायचा आन् टॅक्स माहा?"



त्यानंतर घर हळूहळू बदललं. आई अनोळखी नंबरचा फोन उचलेना. फाटक वाजलं की आतल्या खोलीत जाऊन उभी राही. एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "तुह्या बापाच्या ग्रॅच्युइटीतबी चूक निघन काय? हे घर त्याच पैशाचं आहे." मी हसण्यावारी नेलं. ती भिंतीकडे पाहत राहिली.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा होता. आई बँकेत यायला तयार होईना.

"काहून गं आई?"

"मी जिती राहिली म्हनूनच थकबाकी वाढली. दरसाली मीच जाऊन सांगत होती ना, जिती आहो म्हनून?"

शेवटी मी घरीच माझ्या फोनच्या कॅमेऱ्यावरून दाखला काढायला बसले. तिचा चेहरा चौकटीत आला. पडद्यावर सूचना आली, डोळे मिचकवा.

"आई, डोळे मिचकव."

ती टक लावून बघत राहिली. वेळ संपली. दुसऱ्यांदाही तसंच. डोळ्यांत पाणी जमलं, पण पापणी हलली नाही. मला पहिल्यांदाच तिची भीती वाटली.

"आई, दाखला नाही गेला तर पेन्शन बंद होईल."

"होऊ दे."

तिसऱ्या वेळी मी तिचा हात धरला. तेव्हा कुठे पापणी लवली. दाखला गेला.

कराच्या अर्जाचं उत्तर अजून नाही. पेन्शन येते, कापून येते. आई त्यातला रुपयाही काढत नाही. मी पाठवते त्यात भागवते. परवा म्हणाली, "राहू दे तिथंच. मागाले येतीन तवा हुडकत बसा नाई लागन."