तिसरी घागर

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने घागरी भरतात. ज्याची त्याची वेगळी. नवी मातीची घागर, वर खरबूज, शेजारी आंबे. मग निखाऱ्यावर पुरणपोळीचा घास टाकायचा आणि धूर वर गेला की मंडळी जेवायला मोकळी. धुळ्याजवळच्या आमच्या घरात आजोबा-आजीच्या दोन घागरी कित्येक वर्षं भरल्या जात होत्या. त्या वर्षी मी तिसरी आणली.

ती माझ्या थोरल्या भावाची होती. अकरा वर्षांपूर्वी तो सुरतेला कामाला गेला. पहिली दोन वर्षं फोन येत होते, नंतर तेही थांबले. पोलीस, जाहिराती, ओळखीपाळखी, सगळं करून झालं. शेवटी चुलते म्हणाले, "सरकार बी सात वरीसमा मानूसले मरेल धरस. तुम्हीन कसाले थांबेल शेतस? तू त शिकेल शे." शिकलेला माणूस या युक्तिवादाला फार लवकर फसतो. देव मानत नाही अशी फुशारकी मी कॉलेजात मारत असे. तोच मी देवपुरातल्या कुंभाराकडून घागर घेतली आणि टिचकी मारून आवाज पक्का आहे ना तेही पाहिलं. नानांना, माझ्या वडिलांना, कुणीच विचारलं नव्हतं. आधी सांगितलं तर चिडतील, मांडलेली दिसली तर समजून घेतील, असं आमचं सर्वानुमते ठरलं होतं.

नाना आंघोळ करून आले. घागरींकडे बघून म्हणाले, "तिसरी कोनी?"

आई पोळी लाटत राहिली. चुलत्यांनी पंखा वाढवला. मी निखारे फुंकत बसलो. नाना बाहेर पडले. पारावर बसले असतील, येतील निवून, असं म्हणत आम्ही पाऊण तास थांबलो. मग शेजारच्या अक्का दारातून म्हणाल्या, "नाना त टेकडीवर चालना व्हतात. डोकाले टोपी बी नव्हती."

फोन चव्वेचाळीस अंश दाखवत होता. नाना अठ्ठ्याहत्तर वर्षांचे.

टेकडी तशी लहान, हिवाळ्यात वीस मिनिटांची. काळा दगड, सुटा मुरूम आणि वाळलेलं पिवळं गवत. कुसळं पायजम्यातून आत शिरत होती. अर्ध्या वाटेवर मी हाका मारायचं थांबवलं, कारण तोंडात थुंकी उरली नव्हती. नानांसाठी घेतलेल्या बाटलीतलं पाणी आपण प्यायचं नाही, एवढं एकच डोक्यात होतं. वाटेत त्यांची एक चप्पल सापडली, अंगठा तुटलेली. दगडावर हात टेकला तर चटका बसला. या दगडावरून ते एका पायाने अनवाणी गेले होते. त्यानंतर दगडामागे दिसणारं प्रत्येक फडकं मला त्यांचं धोतर वाटू लागलं.

माथ्यावर 'हिरवी टेकडी' असा मोठा फलक आहे. वृक्षारोपणाचा. झाडं नाहीत; खड्डे आणि फलकावर हात जोडून हसणारे सात चेहरे शाबूत आहेत. त्या साऱ्या माळावर हातभर सावली होती, ती या फलकाची. नाना तिच्यात अंग चोरून बसले होते. त्या सात जणांनी तेवढं एक सत्कार्य केलं, हे मान्य करायला हवं.

त्यांना घाम येत नव्हता. कातडी तापून कोरडी पडली होती.

"ल्या नाना, पानी प्या."

"घागर तू लई उना?"

"हा. मीच."

"त्याले पानी दी टाकं ना? मंग माले कसाले पाजस?"

मी बाटली ओठांना लावली, त्यांनी ती हाताने सारली. थोडं मुरुमावर सांडलं आणि बघता बघता नाहीसं झालं. मी ओरडलो, मग हात जोडले. आयुष्यात पहिल्यांदा, आणि तेही त्या सात चेहऱ्यांसमोर. घरी जाऊन घागर उपडी करतो म्हणालो.

"मनासमोर?"

"तुम्हनासमोर."

दोन घोट प्यायले. एक बाहेर आला. उरलेलं पाणी मी त्यांच्या डोक्यावर ओतलं, त्यांना माझी चप्पल घातली आणि हात खांद्यावर घेऊन उठवलं. वीस पावलांवर ते परत बसले. खाली सुरतेचा महामार्ग दिसत होता, ट्रक वितळल्यासारखे हलत होते.

"त्याले परत येतांना बसमाईन ही टेकडी दखाई का रे?"

रस्त्याचा भराव उंच झाल्यापासून बसमधून ती दिसत नाही. दर रविवारी मी त्याच रस्त्याने घरी येतो.

"दखाई," मी म्हणालो.

"वळखी?"

"वळखी ना. कशी नही वळखाव?"

माझं खोटं त्यांना लहानपणापासून ओळखू येतं. तरी त्यांनी हात पुढे केला आणि उठायला मदत मागितली.