तो व्हिडिओ दोघांनाही पटला

मंडळी, दुपारी शाळेतून आले तेव्हापासून डोकं सुन्न आहे.

टेंभुर्णीच्या आमच्या शाळेत चौथीला सानिका आहे. तिचे आईवडील वेगळे राहतात. मागच्या आठवड्यात मी दोघांना मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला होता. वेगळं झाल्यावरही लेकरू मिळून कसं वाढवायचं, याचा. त्यातली पहिलीच गोष्ट म्हणजे एकमेकांचे निरोप लेकराच्या तोंडी देऊ नका.

आज पालकसभेला दोघंही आले. सानिका मधे बसली. मी विचारलं, "व्हिडिओ पाहिला का?"

आई म्हणाली, "पाह्यला ना मॅडम. बिलकुल बराबर सांगितलंय. ह्यांनाच दाखवा."

वडिलांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. लेकीला म्हणाले, "मम्मीला सांग, म्या दोनदा पाह्यला. त्यातलं सगळं तिलाच लागू होतं."

आई हाताच्या अंतरावर बसलेली. तरी सानिका तिच्याकडे वळली. "मम्मी, पप्पा म्हणून राह्यले..."

आज दाखवायला मी तसलाच दुसरा व्हिडिओ फोनवर उघडूनच ठेवला होता. दाखवलाच नाही. दाखवून काय झालं असतं, तुम्हीच सांगा.

सानिकाने निरोप एक शब्दही न चुकवता सांगितला. पाठांतराला वर्गात मी नेहमी तिलाच उभी करते.