धरणाकाठची आमची चौपाटी

शाळेतले आम्ही सगळे तिला चौपाटी म्हणायचो. भंडारदऱ्याच्या धरणाचं पाणी दिवाळीनंतर मागे सरू लागलं की गावाखालचा उतार हळूहळू उघडा पडायचा. वर खडी, मग मऊ गाळ आणि अगदी कडेला चार हात रुंदीची वाळूची पट्टी. समुद्र तिथून लांब, घाट उतरून पार पलीकडे. वर्गातल्या एका मुलीनं मला एकदा विचारलं, "बाई, समुद्र ह्याच्याहून मोठा असतो का?" मी स्वतः तोवर समुद्र पाहिला नव्हता. "असतो म्हणतात," एवढंच सांगितलं.

नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. तिथल्या एक शिक्षिका लांबच्या रजेवर गेल्या आणि त्यांच्या जागी मला दिवाळीपासून उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत तात्पुरती नेमणूक मिळाली. डी.एड. नुकतंच झालं होतं. माझं गाव पाथर्डीकडचं, नगर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाचं. तिथं माघ लागला की टँकरची वाट बघायची. आईवडील दरसाल श्रीरामपूरकडे ऊसतोडीला जात, म्हणून मी लहानपणापासून वसतिगृहात राहून शिकले. एका बादलीत अंघोळ, त्याच पाण्यात कपडे आणि उरलेलं पाणी झाडाला, ही सवय अंगात पक्की मुरलेली.

राहायला मला पाण्यापासून जवळच एका घराची मागची खोली मिळाली. घर एका पन्नाशीच्या बाईंचं. नवरा भातशेती बघायचा, मुलगा नाशिकला कामाला. मी त्यांना मावशी म्हणू लागले.

पहिल्या रविवारी धुणं घेऊन काठावर गेले. बादली भरून घेतली, दगडावर बसले आणि नेहमीसारखे कपडे बादलीत खळबळू लागले. मावशी शेजारीच गोधडी धूत होत्या. थोडा वेळ त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग मोठ्यानं हसल्या.

"अगं बाई, म्होरं येवढं पानी पसरलंय, आन तू बादलीत धुतीस व्हय?"

मला भारी लाज वाटली. पण हसूही आलं. त्यांनी माझी ओढणी हातातून घेतली आणि सरळ पाण्यात सोडून दिली. ती लांबलचक पसरली. कापडातून साबण असा वाहत निघून जाताना मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

मग रोज शाळा सुटली की मी काठावर जाऊ लागले. वह्या तपासायच्या तर तिथंच. समोरच्या डोंगराची सावली पाण्यावर लांबत यायची, गुरं पाणी पिऊन घराकडे वळायची. कुणाशी बोलावंसंही वाटायचं नाही. एकटीनं परगावी राहायचं म्हणून मी आधी खूप घाबरले होते. ती भीती कधी गेली, ते कळलंच नाही.

पाण्याची भीती मात्र होती. घोट्याच्या वर पाणी आलं की मी माघारी फिरायचे. मावशींच्या ते ध्यानात आलं. थंडी ओसरल्यावर एका रविवारी त्या तेलाचा रिकामा प्लॅस्टिकचा डबा आणि दोरी घेऊन आल्या. "चल, आज तुला पवायला शिकिवते."

"मावशी, मी चोवीस वर्षांची आहे. आता कुठं शिकणार?"

"पान्याला वय कळतंय व्हय?"

त्यांनी लुगड्याचा काष्टा घट्ट खोवला, डबा माझ्या पाठीला बांधला आणि पोटाखाली हात धरून मला आडवी केली. मी किंचाळले, गटांगळ्या खाल्ल्या, नाकातोंडात पाणी गेलं. वर धुणाऱ्या बायका हसून हसून बेजार. पुढचे दोन रविवार मी डोकं दुखतंय म्हणून घरात बसले. तिसऱ्या रविवारी मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात डबा होताच. गेले.

होळीच्या सुमारास केव्हातरी मी हात मारत होते आणि त्यांचा आवाज एकदम मागून, लांबून आला. "आगं, मी कवाच सोडलंय तुला!" वळून बघितलं तर त्या खरंच मागे राहिल्या होत्या. पुढे डबाही सुटला. पाठीवर निजून आभाळ बघता येऊ लागलं. कान पाण्यात गेले की जग गप्प व्हायचं. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

एप्रिलमध्ये ऊसतोडीचा हंगाम संपला. वडील टोळीबरोबर ट्रकनं गावाकडे गेले आणि आई मला भेटायला एसटीनं आली. दोनच दिवसांसाठी. तळहातांना घट्टे, पाऊल भेगाळलेलं, उन्हानं काळवंडलेली. चहा झाल्यावर तिला मी काठावर नेलं. मावशीही बरोबर आल्या.

पाणी तेव्हा बरंच खाली गेलेलं, तरी आई बघतच राहिली. मी चपला काढून पाण्यात शिरले. ती मात्र लांब कोरड्या खडीवर उभी. मी हाक मारली तशी ती जवळ आली आणि तिनं हळूच विचारलं, "पोरी, हितं आपल्याला कुनी काय म्हनत न्हाई ना?"

तिला काय म्हणायचंय ते मला कळलं. गावातल्या विहिरीशी ती लहानपणी घागर घेऊन बाजूला उभी राहायची, कुणी वरून ओतेल तेव्हा पाणी मिळायचं. पुढे आमच्या वस्तीनं धम्म घेतला, हातपंप आला, दिवस बदलले. तरी नव्या पाणवठ्यावर पाय ठेवण्याआधी तिचं मन थबकायचं.

मावशींनी ऐकलं होतं. त्या म्हणाल्या, "कोन काय म्हननार? हे पानी काय कुनी घरनं आनलंय व्हय? चला ताई, उतरा." आणि त्यांनी आईचा हात धरला.

आई घोट्यापर्यंत गेली, मग गुडघ्यापर्यंत. ओंजळ भरून तोंडावर मारली, दुसरी ओंजळ प्याली. आणि मग लुगड्यासकट सरळ खाली बसली. पाणी छातीपर्यंत आलं. डोळे मिटून ती कितीतरी वेळ तशीच बसून होती.

"कुठवर जातंय हे पानी?" तिनं विचारलं.

"नदीनं, पाटानं, पार श्रीरामपुराकडं. उसाला," मावशी म्हणाल्या.

"म्हंजी आमी तोडला त्यो ऊस ह्याच्यावरच आलता की!" आणि आई हसली. हंगामावरून परतलेली आई अशी हसताना मी पाहिली नव्हती. तेव्हा तिच्या अंगात उरलेली असायची ती नुसती झोप.

मग मी तिला पोहून दाखवलं. आधी ती ओरडली, "माघारी ये, माघारी ये!" आणि थोड्या वेळानं मावशींना सांगताना ऐकू आली, "बघा की, माजीच लेक हाय ती."

सुट्टी लागली आणि माझी नेमणूक संपली. निघताना मावशींनी जुन्या लुगड्याच्या फडक्यात घरचे तांदूळ बांधून दिले आणि एसटी हलेपर्यंत खिडकीशी उभ्या राहिल्या.

पुढे मला नगरला कायमची नोकरी लागली, सावेडीत बिऱ्हाड झालं. समुद्रही पाहिला, दोनदा. चांगला वाटला. पण तिथं मी पाहुणी होते. त्या काठानं मला सहा महिने आपल्या घरच्यासारखं वागवलं, त्याचं ऋण मी अजून मानते.

माझ्या लग्नाला मावशी एवढ्या लांबून एकट्या आल्या. आईनं त्यांना आपल्या शेजारी बसवून घेतलं. मंडपात गर्दी होती, बेंजो वाजत होता, नातेवाईक आईला शोधत होते आणि त्या दोघी कोपऱ्यातल्या सतरंजीवर बसून जेवण होईपर्यंत बोलत राहिल्या.