फिकं झालेलं आकाश

आमच्या घरातलं ते चित्र खोटं आहे, हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. बायको जपानी, आणि चित्र तिच्या वडिलांनी दिलेलं.

ज्या जपानी चित्रकाराची चित्रं आता कॉफीच्या मगांवर आणि पडद्यांवरही दिसतात, त्याचा हा जुना, लाकडी ठशांवरून हाताने छापलेला कागद. लाकडी पूल, वर संध्याकाळचं गुलाबी आकाश. लग्नात देताना सासरे म्हणाले होते, "याला पाहुण्यासारखं बोलवा. शरदात दोन आठवडे, तेही सावलीत. मग झोपू द्या." जुने रंग उजेडात उडतात. त्यांच्या घरी तसंच चालायचं.

आम्ही टोकियोजवळ इचिकावात राहायचो. एका वर्षी सासूबाई आजारी पडल्या, म्हणून बायको लेकीला घेऊन माहेरी गेली. दिवाळीच्या फराळाला मी मित्रांना बोलावलं. मुंबईहून बँकेत बदलीवर आलेला एक म्हणाला, "अस्सल आहे म्हणतोस, मग कुठंय? कपाटात? चित्र आहे का बायकोचं मंगळसूत्र?" सगळे हसले. मी कपाटातून चित्र बाहेर काढलं आणि हॉलमध्ये बाल्कनीसमोर लावलं. कौतुक झालं. मग रोजच कौतुक वाटायला लागलं, माझं मलाच. हिवाळा गेला, उन्हाळा आला. चित्र तिथंच.

बायको परतणार म्हणून उतरवलं तेव्हा फ्रेमच्या कडेखाली गुलाबी रंगाची एक बारीक पट्टी उरली होती. बाकी आकाश राखेच्या रंगाचं.

घर सजवायच्या वस्तूंच्या दुकानात त्याच चित्राची छापील प्रत मिळाली. कडा कापून मी ती त्याच फ्रेममध्ये बसवली. खरा कागद ऑफिसच्या जुन्या बॅगेत गेला. शरदात बायकोने फ्रेम काढली, म्हणाली, "यंदा किती उजळ दिसतंय रे!"

"काच पुसली," मी म्हणालो.

नंतर सासरे शेवटचे आजारी पडले आणि त्यांनी चित्र मागवलं. बायकोने फ्रेम सांभाळत हॉस्पिटलात नेली. सासऱ्यांची नजर जवळजवळ गेलेली, म्हणून मला म्हणाले, फ्रेममधून काढून द्या. बायको खाली कोन्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, चहा आणायला गेली होती. मी काढून दिलं. त्यांनी कागद उलटा केला आणि पाठीवरून बोट फिरवलं. हाताने घासून छापलेल्या कागदाच्या पाठीला उठाव असतो. हा काचेसारखा गुळगुळीत होता.

त्यांनी बोट पुन्हा एकदा फिरवलं. मग म्हणाले, "हल्ली छान छापतात."

मी मान खाली घातली.

"तिला मी सांगणार नाही. ते तुमचं काम."

बायको चहा घेऊन आली. त्यांनी कागद परत सुलटा केला आणि तिला म्हणाले, "सुंदर आहे."

ते गेले. आता दर शरदात बायको ती फ्रेम सावलीच्या भिंतीवर लावते, समोर वाकून नमस्कार करते आणि दोन आठवड्यांनी मऊ कागदात गुंडाळून ठेवते. "बाबा आले होते," असं म्हणते. दुकानातल्या त्या तुकड्याला उन्हापासून जपते. मी शेजारी उभा असतो. दर वर्षी तोंड उघडतो आणि फ्रेम धरायला हात पुढे करतो.

बॅग अजून माळ्यावर आहे. तिच्यातला राखेच्या रंगाचा कागद काढून बायकोच्या हातात द्यायचा आणि हे मी केलं असं तिला सांगायचं, एवढं माझ्याकडून राहिलं आहे.